व्हेनस्ट्राच्या दारातला कॅमेरा

लॅमर्ट व्हेनस्ट्राला मुलं आवडत नसत. ही ऐकीव गोष्ट नाही. त्याच्या बेकरीला लागूनच माझं हार्डवेअरचं दुकान आहे. मधली भिंत पातळ आणि त्याचा आवाज जाड. ऑन्टॅरिओतल्या टॅमरॅक मिल्स या आमच्या गावच्या शाळेत शिकलेल्या आई-बापांना आणि पुढे त्यांच्या पोरांना त्याने काय काय सुनावलं, ते सगळं मला पाठ आहे.

"दप्तर बाहेर! बूट झटक! काचेला नाक लावू नकोस, मघाशीच पुसलीय! एकच घेणार? मग इतका वेळ बघत काय उभा होतास? चित्रांचं प्रदर्शन आहे का इथे?"

शाळा अगदी समोर, रस्ता ओलांडला की फाटक. दुसऱ्या कुणा बेकरीवाल्याने अशी जागा मिळाली म्हणून देवाचे आभार मानले असते. लॅमर्ट दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायचा खरा, पण या बाबतीत त्याची देवाकडे तक्रारच होती. मुलं चिल्लर घेऊन येतात, चिखल घेऊन येतात, आणि मनुका घातलेला बटर टार्ट विकत घेऊन त्यातल्या मनुका वेचून फुटपाथवर फेकतात. बटर टार्ट म्हणजे त्याचा जीव की प्राण. तळहातात मावणारी खुसखुशीत वाटी, आत लोणी आणि ब्राउन साखरेचा पाक. चावा घेतला की तो हनुवटीवर ओघळलाच पाहिजे. आणि त्यात मनुका असल्याच पाहिजेत, असं त्याचं मत. त्याची बायको टीनेके बिनमनुकांचेही करायची. ते तो मागच्या फळीवर झाकून ठेवायचा, जशी काही घरातली भानगड.

त्याला हवं होतं ते मोठ्या माणसांचं गिऱ्हाईक. गाडीतून उतरणारं, डझनाने घेणारं. आता आमची मिल स्ट्रीट कशी आहे, तर हायवेवरून सुटते, टेकडी उतरते, शाळेपाशी वळते आणि पुलावरून निघून जाते. गाड्या हायवेच्या वेगातच खाली यायच्या. ताशी चाळीसची पाटी होती, पण ती दुसऱ्या कुणासाठी तरी लावली आहे अशी प्रत्येकाची प्रामाणिक समजूत होती. लॅमर्ट बेकरीची पाटी दर दोन-चार वर्षांनी रंगवून आणखी मोठी करायचा. रंग माझ्याकडूनच न्यायचा.

"लोकांची जीभ मेलीय, हेझल," तो म्हणायचा. "कुणाला चवच राहिली नाही."

"जीभ नाही रे, डोळे," मी म्हणायचे. "तुझ्या पाटीवरचं 'व्हेन' वाचून होईपर्यंत गाडी पुलावर गेलेली असते."

त्याला ते पटायचं नाही. तो चवीला दोष द्यायचा, मधुमेहाला द्यायचा, सरकारला द्यायचा.

मग शाळेच्या मुख्याध्यापिका मिसेस अचेम्पाँग यांनी कॅमेऱ्याचा विषय काढला. बाई बुटक्या, लहानपणी घानातून आलेल्या, आणि आवाज कधीही न चढवणाऱ्या. नगरसभेची बैठक होती. बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "टेकडीवरून येणारी गाडी वळणावर मुलांना दिसत नाही, आणि गाडीवाल्याला मुलं दिसत नाहीत. तिथे कॅमेरा बसवा. जो जोरात जाईल त्याच्या घरी फोटो आणि दंड जाईल. एवढंच."

एवढ्यावर डार्सी क्विबेल उठला. हा छपरांची कामं घेतो. त्याचा पिकअप ट्रक इतका उंच आहे की त्यात चढायला त्याचीच शिडी लागावी. "हा मुलांचा प्रश्नच नाही!" तो गरजला. "हा आपल्या खिशाचा प्रश्न आहे! सरकार रस्त्यावर गल्ला मांडून बसणार आणि आपण येता-जाता त्यात पैसे टाकायचे!"

टाळ्या पडल्या. सगळ्यात मोठ्याने टाळ्या वाजवल्या त्या लॅमर्टने, आणि वर उठून म्हणाला, "माझं म्हणणं आहे, मुलांनाच शिस्त लावा की! रस्ता गाड्यांसाठी असतो. आमच्या लहानपणी आम्ही डावी-उजवीकडे बघून रस्ता ओलांडायचो."

"तुमच्या लहानपणी तुमच्या गावात गाड्या किती होत्या, मिस्टर व्हेनस्ट्रा?" बाईंनी विचारलं.

लॅमर्टचं लहानपण हॉलंडमधल्या एका खेड्यात गेलं, जिथे गाडी होती ती डॉक्टरची. "तो इथे प्रश्न नाही," असं म्हणून तो खाली बसला.

कॅमेरा एका मताच्या फरकाने मंजूर झाला. विरोधातले एक सभासद मतदानाच्या वेळी बाथरूममध्ये होते, म्हणून. लोकशाहीचे आभार मानावेत की त्यांच्या दुपारच्या जेवणाचे, हे आम्हाला अजून ठरवता आलेलं नाही.

खांब उभा राहिला तो नेमका बेकरीच्या आणि माझ्या दुकानाच्या मधोमध. वर एक राखाडी पेटी. आणि पहिल्याच खेपेला जे लिफाफे गेले त्यांतला एक व्हेनस्ट्रांच्या घरी गेला. बेकरीची व्हॅन टीनेकेच्या नावावर होती, त्यामुळे दंडही तिच्या नावाने. टीनेकेने जन्मात लायब्ररीचं पुस्तकसुद्धा उशिरा परत केलेलं नव्हतं. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू आलं.

"लॅमर्ट, हे काय आहे?"

"काय आहे?"

"हे नाव माझं आहे. ही व्हॅन आपली आहे. आणि मागच्या काचेतून दिसतेय ती टोपी कुणाची आहे?"

"सरकार चोर आहे, टीनेके!"

"असेल. पण टोपी तुझी आहे."

डार्सीने कॅमेरा हटवण्यासाठी सह्या गोळा करायला सुरुवात केली होती. लॅमर्टने दोन सह्या केल्या, एक स्वतःची आणि एक टीनेकेची, तिला न विचारता.

पण महिनाभरात रस्त्याला काहीतरी झालं. टेकडीवरून वारा प्यायल्यासारख्या येणाऱ्या गाड्या शाळेपाशी आल्या की चोरपावलांनी चालायला लागल्या. गाडीतली माणसं इकडेतिकडे बघू लागली, कारण चाळीसच्या वेगात दुसरं करण्यासारखं काही नसतं. बेकरीची ती अवाढव्य पाटी पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचली जाऊ लागली. भाजलेल्या लोण्याच्या वासाला गाडीत शिरायला सवड मिळू लागली. "थांब, थांब, थांब!" असं बायकांनी म्हणावं आणि नवऱ्यांनी गाडी कडेला घ्यावी, असं मी माझ्या काउंटरमागून रोज बघू लागले.

एका सकाळी लॅमर्ट पिठाचे हात तसेच घेऊन माझ्या दुकानात आला.

"हेझल, ऐक."

"काय?"

"काही ऐकू येतंय?"

"नाही."

"तेच तर!" तो म्हणाला. त्याचे डोळे लहान मुलासारखे चमकत होते. ही तुलना त्याला अजिबात आवडली नसती.

थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात त्याच्या दारात रांग लागली. त्या रविवारी चर्चनंतर सगळे कॉफी पीत असताना लॅमर्ट व्हेनस्ट्राने पहिल्यांदा "आपली लेकरं" हे शब्द उच्चारले. टीनेकेच्या हातातला कप बशीवर आपटला.

तिथून पुढे त्याला आवरणं कठीण झालं. ज्याच्या त्याच्यापुढे लेकरांचा जीव, लेकरांचं भवितव्य. टार्ट बांधता बांधता तो गिऱ्हाइकाला वेगाचे दुष्परिणाम समजावून सांगायचा. "कॅमेरा राहिलाच पाहिजे" असं लिहिलेले बिल्ले त्याने करून घेतले आणि डझनभर टार्टवर एक फुकट द्यायला लागला. आमच्या साप्ताहिकात त्याचा फोटो छापून आला: दुसरीच्या वर्गाबरोबर, दोन्ही हात मुलांच्या खांद्यांवर. नीट बघितलं तर ती दोन्ही मुलं त्याच्या हातांखालून सटकायच्या बेतात दिसतात. त्यांना त्याचा आवाज ओळखीचा होता.

न राहवून मी मिसेस अचेम्पाँगना विचारलं, "तुम्ही त्याला कशाला डोक्यावर चढवताय? त्याला टार्ट विकायचेत."

"मला ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "मला गाड्या हळू जायला हव्या आहेत. त्याच्या मनात काय आहे ते देव बघेल. मला शाळा बघायची आहे."

डार्सीला मात्र हे जिव्हारी लागलं. तो बेकरीत येऊन उभा राहिला. "लॅमर्ट, तू आमच्यातला होतास. दोन सह्या केल्या होत्यास."

"लेकरांच्या जिवापुढे मी कुणाचाच नाही, डार्सी."

"गेल्या वर्षी माझ्या भाचीला तू हाकलून दिलंस! बूट ओले होते म्हणून!"

"ते तिच्याच भल्यासाठी. फरशी निसरडी होते."

डार्सीने सहा टार्ट घेतले, बिल्ला नाकारला आणि गेला.

वसंतात एक दिवस सकाळी आम्ही दुकानं उघडायला आलो तर कॅमेरा आडवा. कुणीतरी खांब करवतीने कापला होता. कुणी ते अखेरपर्यंत कळलं नाही. त्या महिन्यात माझ्याकडून करवतीची पाती बरीच गेली होती, पण वसंतात ती जातातच. लॅमर्ट त्या पडलेल्या पेटीपाशी गेला. टोपी काढली. मग कमरेचा एप्रन सोडून त्याने तो पेटीवर पांघरला. पोलीस आला तेव्हा त्याने आधी विचारलं, "कोण आहे खाली?"

कॅमेरा पुन्हा उभा राहिला, गाड्या पुन्हा हळू झाल्या आणि सगळं सुरळीत चाललं होतं. मग पुढच्या शरद ऋतूत प्रांताच्या सरकारने कायदाच केला. कॅमेरे बंद, ऑन्टॅरिओभरचे, एकदम. त्याऐवजी मोठ्या पाट्या लावा, रस्त्यावर उंचवटे करा, लोकांना समजावून सांगा. लोकांना समजावून सांगितलं की लोक ऐकतात, असा सरकारचा आमच्याविषयी फार चांगला ग्रह आहे.

त्या दिवशी डार्सीने टेकडी ते पूल अशा ट्रकच्या फेऱ्या मारल्या, हॉर्न वाजवत. शाळेच्या मैदानातल्या मुलांना वाटलं मिरवणूक आहे. त्यांनी हात हलवले.

खांब काढायला आलेल्या कामगारांना लॅमर्टने टार्ट दिले नाहीत. विकतसुद्धा दिले नाहीत. पुढच्याच आठवड्यात पाटी आली. पिवळीधमक, दोन खांबांवर, माझ्या दुप्पट उंच: "शाळा आहे. सावकाश चला." ती लावली बेकरीच्या पुढ्यातच, टेकडीकडे तोंड करून. आता येणाऱ्याला बेकरीची पाटी दिसायची नाही, आणि ही पिवळी पाटी तो वाचायचा नाही. रांग आटली. टीनेके पुन्हा दुपारी विणकाम करू लागली.

मग एके दिवशी लॅमर्ट माझ्याकडे आला आणि इकडेतिकडे बघत म्हणाला, "राखाडी रंग दे. आणि पन्हळीच्या पाइपचा एक तुकडा. आणि सायकलच्या मागे लावतात ती लाल काच."

"काय करतोयस?"

"तुला काय करायचंय? विक आणि गप्प बस."

दुसऱ्या दिवशी बेकरीच्या ओसरीच्या खांबावर एक राखाडी पेटी बसलेली दिसली. काम सुबक होतं, नाही कशाला म्हणू. त्याच दिवशी डार्सी टेकडीवरून खाली आला, पेटी बघितली आणि असा ब्रेक दाबला की टपावरची शिडी निसटून पुढे पुलापर्यंत एकटीच घसरत गेली. लॅमर्ट दारात उभा राहून हसत होता. मी त्याला इतकं मनापासून हसताना कधी बघितलं नव्हतं.

नगरपालिकेचा नियम तपासणारा तरुण अधिकारी आला. मान वर करून बघत राहिला.

"हे काय आहे, मिस्टर व्हेनस्ट्रा?"

"पक्ष्यांचं घर."

"याला भोक कुठे आहे?"

"पक्ष्यांचं अजून ठरतंय."

अधिकाऱ्याने डोकं खाजवलं आणि वरिष्ठांना विचारतो म्हणून गेला. पण त्याची गरजच पडली नाही. कुणाच्याच घरी लिफाफा गेला नाही, हे लोकांच्या ध्यानात आलं. फुकटची भीती फार दिवस पुरत नाही. गाड्या पहिल्यासारख्या धावू लागल्या.

डिसेंबरच्या सुरुवातीला जे झालं ते मी डोळ्यांनी बघितलं. शाळा सुटायची वेळ. सकाळी पाऊस पडून दुपारी गारठलं होतं आणि रस्त्यावर काचेसारखा बर्फ धरला होता. डोळ्यांना दिसत नाही, चाकांनाच कळतो तो. रस्ता ओलांडून द्यायला कुणी नव्हतं. आमचा म्हातारा क्रॉसिंग गार्ड गुडघ्यांमुळे उन्हाळ्यातच घरी बसला होता, आणि त्याच्या जागेसाठी माणूस हवा असल्याची जाहिरात माझ्या दाराच्या काचेवर उन्हाने पिवळी पडली होती. पाच-सात मुलं फाटकाबाहेर कडेला थांबली होती. एका मुलीने एक पाय रस्त्यावर टाकला होता.

टेकडीवरून एक पांढरी व्हॅन आली. जोरात. वळणावर चालवणाऱ्याने ब्रेक दाबला असावा, कारण तिचं तोंड एकीकडे झालं आणि अंग दुसरीकडे, आणि ती आडवीच घसरत खाली यायला लागली. माझ्या हातातला खिळ्यांचा डबा पडला. व्हॅन मुलीच्या समोरून गेली. तिच्या आणि व्हॅनच्या मध्ये एखादं मूल मावलं असतं, जास्त नाही. मग व्हॅन त्या पिवळ्या पाटीच्या खांबावर जाऊन आदळली, आणि "शाळा आहे. सावकाश चला." ही अख्खी पाटी तिच्या टपावर कोसळली.

मागचं दार उघडलं आणि टार्ट बाहेर आले. ट्रेमागून ट्रे. रस्ताभर.

ती बेकरीची व्हॅन होती. चर्चच्या नाताळच्या बाजारात चार वाजता मांडायचे टार्ट होते; आधी हायवेवरच्या एका गिऱ्हाइकाकडे जाऊन येताना त्याला उशीर झाला होता.

लॅमर्ट दार ढकलून उतरला, दोन पावलं चालला आणि रस्त्यावरच बसला. मुलं जागच्या जागी थिजली होती. मी धावत पोचले तेव्हा ती एक पाय टाकलेली मुलगी त्याच्याजवळ आली होती. त्याच्यापासून जरा अंतर राखून, सवयीने.

"मिस्टर व्हेनस्ट्रा, तुम्हाला लागलं का?"

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने माझ्याकडे बघितलं.

"हेझल, मी किती जोरात होतो?"

"मला काय माहीत?" मी म्हणाले. "कॅमेरा नाहीये ना."

मी हे बोलायला नको होतं असं टीनेके नंतर म्हणाली. मला तसं वाटत नाही.

पोलिसाने त्याला निष्काळजीपणे गाडी चालवल्याचा दंड लावला, या खेपेस त्याच्या स्वतःच्या नावाने. गावाला तर हसायला निमित्तच हवं होतं. डार्सीने बेकरीच्या दारावर लॅमर्टचाच एक बिल्ला चिकटवून ठेवला. टीनेके मात्र बिनमनुकांचे टार्ट पुढच्या फळीवर घेऊन आली, आणि लॅमर्टने ते तिथेच राहू दिले.

दोन दिवसांनी मिसेस अचेम्पाँग बेकरीत आल्या. मी तिथेच होते, पाव घेत होते. लॅमर्टने खाली मान घातली. त्याला वाटलं असणार, आता बाई सुनावणार. बाईंनी अपघाताचं नावसुद्धा काढलं नाही.

"आम्हाला क्रॉसिंग गार्ड हवाय," त्या म्हणाल्या. "सोमवारी सव्वाआठला या. हातमोजे जाडे आणा."

"मला मुलं आवडत नाहीत," लॅमर्ट म्हणाला. त्याच्या तोंडून इतकं खरं वाक्य आम्ही दोन वर्षांत ऐकलं नव्हतं.

"आवडायची गरज नाही. फक्त रस्ता ओलांडून द्यायचाय."

"सकाळी माझी भट्टी असते."

"भट्टी मी बघते," टीनेके आतून म्हणाली. "तशीही मीच बघते."

सोमवारी तो आला. नारिंगी जाकीट पोटावर बसत नव्हतं, हातात "थांबा" लिहिलेली लाकडी पाटी. मला वाटलं होतं, आठवडाभर टिकेल. पण या कामासाठी लागणारा एक गुण त्याच्याकडे भरपूर होता: माणसांवर ओरडण्याची त्याला लाज वाटत नसे. पाटी घेऊन तो रस्त्याच्या मधोमध असा उभा राहायचा, जशी काही मिल स्ट्रीट त्याच्या बापाची. जवळ येऊन थांबलेल्या गाडीच्या बॉनेटवर थाप मारायचा. "झोपलायस काय रे? चाळीस म्हणजे किती ते शाळेत शिकवलं नाही? ये, समोरच आहे शाळा, बसवतो तुला पहिलीत!" आणि मुलांनाही सोडायचा नाही. "तू! नाडी बांध! तू, तोंड मिट, बर्फ जाईल! चला, चला, सहल नाहीये ही!" मुलं त्याला जरासुद्धा घाबरेनाशी झाली. त्याची नक्कल करण्यात तर ती त्याच्याही पुढे गेली.

तो सुधारला, असं चर्चमध्ये काही जण म्हणतात. मी रोज बघते. तो तसाच आहे. फक्त आता रस्त्यात उभा असतो.

फेब्रुवारीत नगरसभेत पुन्हा रस्त्याचा विषय निघाला. सरकारला आपण पत्र लिहावं का, निदान शाळांपाशी तरी कॅमेरे राहू द्या म्हणून, एवढाच ठराव होता. लॅमर्टचं नाव बोलणाऱ्यांत आलं तेव्हा मागच्या ओळींत खसखस पिकली. त्याच्या हातात कागद नव्हता. लेकरं, भवितव्य, काही नाही.

"त्या व्हॅनमध्ये मी होतो," तो म्हणाला. "तुम्हाला माहीतच आहे. शाळा तिथे आहे हे मला कुणी सांगायला नको होतं, माझं दुकानच समोर आहे. पाटी होती, तीही मला माहीत होती, मीच तिला रोज शिव्या देत होतो. मुलं कधी सुटतात तेही माहीत होतं. तरी मी जोरात आलो. कॅमेरा होता तेव्हा त्याच टेकडीवरून रोज हळू यायचो. का? मुलांसाठी नाही. टीनेकेच्या हातात पुन्हा लिफाफा पडू नये म्हणून. टेकडीवर मी एका मुलीसाठी ब्रेक दाबला नाही, लिफाफ्यासाठी दाबला असता." त्याने सभागृहावरून नजर फिरवली. "आणि इथे बसलेले तुम्ही सगळे माझ्यापेक्षा बरे आहात असं मला वाटत नाही. मी तुम्हाला रोज सकाळी बघतो."

महापौर बाईंनी चष्मा पुसला आणि या मनोगताबद्दल आभार मानले. पत्राचा ठराव अभ्यासासाठी समितीकडे गेला. रस्त्यावरच्या उंचवट्यांचा विषयही त्याच समितीकडे होता; त्यांच्यामुळे बर्फ काढणाऱ्या गाडीला त्रास होईल का, हे आधी ठरायचं होतं. मग उन्हाळ्यात दिव्याच्या खांबांवर फुलांच्या कुंड्या जांभळ्या लावाव्यात की लाल, यावर चर्चा सुरू झाली आणि ती बराच वेळ रंगली.

बाहेर डार्सी ट्रकपाशी उभा होता. "लॅमर्ट," तो म्हणाला, "तू आज सगळ्यांसमोर स्वतःचे कपडे उतरवलेस."

"म्हणूनच थंडी वाजतेय," लॅमर्ट म्हणाला, आणि टीनेकेने आणलेला मफलर गळ्याभोवती गुंडाळून चालू लागला. व्हॅन अजून गॅरेजमध्ये होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडाक्याची थंडी होती. मी दुकानाचं दार उघडून पायरीवर मीठ टाकत होते. लॅमर्ट रस्त्याच्या मधोमध पाटी धरून उभा होता आणि मुलं ओलांडत होती. तेवढ्यात टेकडीवरून डार्सीचा ट्रक आला. हळू नव्हता. त्याने लॅमर्टला बघितलं, ब्रेक दाबला, आणि ट्रकचं ते भलंमोठं नाक येऊन लॅमर्टपासून हातभर अंतरावर थांबलं. लॅमर्ट हलला नाही. डार्सीने काच खाली केली, काहीतरी बोलणार होता.

नेमका तेव्हाच पहिलीतला एक मुलगा रस्त्याच्या मध्यावर थांबला. त्याचा हातमोजा पडला होता. तो वाकला, हातमोजा उचलला, त्यावरचा बर्फ फुंकून काढला, आणि एकेक बोट नीट जागच्या जागी जातंय ना ते बघत तिथेच घालायला लागला.

"राजे!" लॅमर्ट ओरडला. "आजच्या आज होईल का, की आम्ही सगळे जेवून येऊ?"

मुलाने मान वर केली नाही. अंगठा राहिला होता. डार्सीने काच वर केली, गाडीचं इंजिन बंद केलं आणि वाट बघत बसला.